नागपुरात उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार. वर्धा रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली पाच-सहा गाड्या बोनेट उघडून उभ्या आहेत. शेडच्या खांबाला टांगलेला थर्मामीटर ४४ दाखवतोय आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पांढऱ्या सेडानच्या डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान झळकतंय : उणे ४०.

गाडी एका शाळेतल्या शिक्षिकेची. आधीच्या गॅरेजात त्यांनी दोनदा गॅस भरून घेतला होता. ब्लोअर जोरात वाजतो, हवा येते, पण येते ती रस्त्यावरच्याइतकीच तापलेली. इथल्या मुख्य मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी अजून एकाही नळीला हात लावलेला नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून फक्त त्या आकड्याकडे बघतायत.

"मॅडम, गाडीले वाटून राह्यलं का बाहेर बर्फ पडून राह्यला. मंग ते कॉम्प्रेसर कायले चालू करन?"

मग त्यांचा दुसरा प्रश्न : एवढ्यात गाडी कुठे ठोकली होती का? ठोकली होती. पुढचा बंपर उतरवून, डेंटिंग-पेंटिंग करून परत बसवला होता. उस्ताद जाळीतून टॉर्च मारतात. रेडिएटरच्या पुढे, बंपरच्या आतल्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढा काळा सेन्सर आहे आणि त्याचं दोन वायरींचं कपलर बाजूला लोंबकळतंय. पेंटिंगवाल्याकडून ते परत लावायचं राहून गेलं. मिस्त्रींचा हाताखालचा मुलगा खाली सरकतो, 'टिक' असा आवाज येतो. आकडा लगेच बदलत नाही. गाडी रस्त्यावर काढून थोडी पळवल्यावर तो वर चढू लागतो आणि कॉम्प्रेसरचा क्लच पकडतो. एक ग्रॅम गॅस लागला नाही, एक पार्ट बदलला नाही.

'ऊन' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा ऊन अंगावर घेणाऱ्यांबरोबरच उन्हापासून आडोसा देणारी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडेही जावं असं मनात आलं. गाडीचा एसी ही आता चैन राहिलेली नाही. विदर्भात रुग्णाला, लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला घेऊन उन्हाळ्यात शंभर-दीडशे किलोमीटर जायचं तर ती गरज आहे. आणि ही गरज बिघडली की महाराष्ट्रभर एकच उत्तर मिळतं : गॅस भरा. उस्तादांच्या शेडमध्ये बसून मला जे दिसलं ते या उत्तराच्या विरोधात जाणारं होतं. आजच्या गाडीत एसी बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा कोणत्या तरी सेन्सरने काहीतरी सांगितलेलं असतं. ते खरं आहे की खोटं, हे तपासणं म्हणजेच दुरुस्ती. बाकीची हमाली त्यानंतरची.

उष्णता बाहेर नेणारी नळी

एसी गारवा तयार करत नाही. गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. मातीच्या माठातलं पाणी झिरपून बाष्प होतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, तेच काम इथे बंद नळीत होतं. पाण्याच्या जागी असतो आर-१३४ए नावाचा वायू. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या पोटात जी जाळीदार कॉइल असते, गॅरेजच्या भाषेत कूलिंग कॉइल, तिच्यात हा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि ब्लोअरच्या हवेतली उष्णता शोषतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो, गॅसचा पुन्हा द्रव होतो आणि एका बारीक व्हॉल्व्हमधून परत कॉइलकडे जातो.

१९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा या चक्रावर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. कॉम्प्रेसरला क्लचसुद्धा नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन बंद करून, बोनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. १९६४ मध्ये कॅडिलॅकने तापमान ठरवून दिलं की ते आपोआप राखणारी व्यवस्था आणली आणि मोटारीच्या एसीला स्वतःची 'जाणीव' आली. त्या जाणिवेची आजची इंद्रियं गाडीभर पसरलेली आहेत. बंपरमागे बाहेरचं तापमान मोजणारा, कूलिंग कॉइलच्या पात्यांत रुतवलेला, स्टिअरिंगजवळच्या छोट्या जाळीमागे केबिनमधली हवा हुंगणारा, काचेखाली डॅशबोर्डवर ऊन मोजणारा, आणि कंडेन्सरपासून आत येणाऱ्या नळीवर दाब मोजणारा. शिवाय इंजिनचं पाणी किती तापलंय हे सांगणारा सेन्सरही यात सामील असतो. इंजिन फार तापलं तर संगणक आधी एसी सोडून देतो, इंजिन वाचवतो.

यातला एक जरी काही वेगळं बोलला तरी ड्रायव्हरला जाणवतं एकच : गार लागत नाही. आजार वेगवेगळे, लक्षण एक. 'गॅस भरा' हे उत्तर इतकं का चालतं, ते इथे कळतं.

तुटलेली वायर थंडच सांगते

तापमान मोजणारे हे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर काम करताना एक विचित्र गोष्ट नोंदवली होती : धातू तापले की त्यांचा विद्युतरोध वाढतो, हा पदार्थ मात्र तापला की त्याचा रोध कमी होतो. गाडीतल्या थर्मिस्टरचा गाभा तोच गुण दाखवतो. गार असताना रोध जास्त, तापल्यावर कमी. गाडीचा संगणक पाच व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून त्याच्याकडे पाठवतो आणि मध्ये किती व्होल्ट उरले ते वाचून तापमान काढतो.

उस्ताद नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात जे शिकवतात ते यातूनच निघतं. वायर तुटली, कपलर सुटलं, पिन वाकली तर रोध अमर्याद होतो. संगणकाला वाटतं, भयंकर थंडी आहे. त्या पांढऱ्या सेडानला वाटली तशी. उलट दोन वायरी सोलवटून एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे भयंकर उष्णता. थर्मिस्टरची वायर कशीही बिघडली तरी ती खोटं कोणत्या दिशेने बोलणार हे ठरलेलं असतं. एकदा हे डोक्यात बसलं की गाडीच्या संगणकाचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवरचा वेडावाकडा आकडा घाबरवत नाही, वाट दाखवतो.

मग ते एक चाचणी करून दाखवतात. दोन वायरींच्या थर्मिस्टरचं कपलर काढायचं. स्कॅनरवर उणे ४० आलं पाहिजे. आता कपलरच्या दोन पिनांमध्ये वायरचा छोटा तुकडा टेकवायचा. आकडा झटकन दुसऱ्या टोकाला, कमालीच्या उष्णतेकडे उडाला पाहिजे. उडाला, तर संगणक शाबूत आहे, वायरिंग शाबूत आहे, दोष सेन्सरमध्ये. नाही उडाला, तर नवा सेन्सर बसवून काहीही होणार नाही, बोनेटपासून डॅशबोर्डपर्यंतची वायर तपासत जायचं. दोन मिनिटांचं काम आहे. पण हा तुकडा तीन वायरींच्या दाबाच्या सेन्सरला कधी लावायचा नाही, हेही ते त्याच दमात बजावतात. तिथे पाच व्होल्टची थेट लाइन असते. ती अर्थला टेकली तर त्याच लाइनवरचे इंजिनचे सेन्सरही गप्प होतात आणि एसीसाठी आलेली गाडी टोइंग करून न्यायची वेळ येते.

मधल्या प्रकारचा बिघाड सगळ्यात अवघड असतो. सेन्सर मेलेला नसतो, बिघाडाचा कोड येत नसतो, तो फक्त थोडं चुकीचं सांगत असतो. तसा सेन्सर स्कॅनरला सापडत नाही. त्याला पकडण्यासाठी शेडमध्ये एक स्टीलचा पेला आणि मल्टिमीटर लागतो. पेल्यात बर्फ आणि पाणी एकत्र ठेवलं की ते शून्य अंशावर स्थिर राहतं. त्यात सेन्सर बुडवायचा, रोध मोजायचा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. मग बाहेर काढून हवेच्या तापमानाला. शेडच्या भिंतीवर एक मोठा पुठ्ठा खिळ्याने ठोकलाय. त्यावर गाडीचं मॉडेल, बर्फातला रोध, तीस अंशांचा रोध असे पेनने लिहिलेले आकडे आहेत. काही गाड्यांचे सेन्सर पंचवीस अंशांना दोन हजार ओहमच्या आसपास असतात, काहींचे दहा हजार. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कपलरही कधी कधी एकच. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा ऑनलाइन 'सेम टू सेम' म्हणून मागवलेला सेन्सर बसतो आणि गाडी आयुष्यभर तापमान चुकीचं वाचत राहते. चांगल्या सेन्सरवाल्या जेवढ्या गाड्या हाताखालून जातात त्या प्रत्येकीचा आकडा हा पुठ्ठा साठवतो. मला तो या शेडमधलं सर्वांत मोलाचं हत्यार वाटला.

जाम ओलांडलं की

नागपूर-चंद्रपूर टॅक्सी चालवणारा एक ड्रायव्हर संध्याकाळी आला. त्याची तक्रार ऐकण्यासारखी होती. बुटीबोरीपर्यंत एसी झकास. जाम गाव ओलांडलं की हवा कमी कमी होत जाते. ब्लोअर फुल केला तरी जाळीतून फुंकर मारल्याइतकी. वरोऱ्याच्या अलीकडे ढाब्यावर चहाला थांबलं की गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं, आणि निघताना एसी पुन्हा झकास. ब्लोअरची मोटर बदलून झाली होती. गॅस तर भरलाच होता.

उस्तादांनी ही गोष्ट दोनदा ऐकली. मध्ये तोडलं नाही. नंतर म्हणाले, अर्धं निदान गिऱ्हाइकाच्या बोलण्यात असतं. हवा गरम होते की कमी होते, हा एकच प्रश्न नीट विचारला तरी निम्म्या शक्यता गळून पडतात. इथे हवा कमी होत होती. म्हणजे वाट अडत होती. आणि थांबल्यावर पाणी होऊन मोकळी होत होती.

कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ सतत पाणी होऊन गळत असते, चालू एसीच्या गाडीखाली पडणारे थेंब तेच. कॉइल शून्याच्या खाली गेली तर ते पाणी पात्यांवरच गोठतं. ते होऊ नये म्हणून पात्यांत रुतवलेला थर्मिस्टर कॉइल दोन-तीन अंशांवर आली की कॉम्प्रेसर सोडायला लावतो आणि थोडी वर चढली की पुन्हा धरायला. शहरात हे चटकन लक्षात येत नाही, कारण सिग्नलला इंजिन मंद होतं, कॉइलला उसंत मिळते. हायवेवर कॉम्प्रेसर सलग, जोरात फिरतो.

ग्लव्ह बॉक्स काढला. उस्तादांनी मधल्या जाळीत काडीसारखा थर्मामीटर खोचला, स्कॅनर लावला आणि इंजिनचा वेग थोडा वाढवून धरायला सांगितला. जाळीतली हवा उतरत उतरत तीन अंशांवर आली. स्कॅनरवर कॉइलचं तापमान होतं ११. कॉम्प्रेसर सुटायचं नाव घेत नव्हता. संगणकाच्या दृष्टीने कॉइल अजून गरम होती.

आधी कधीतरी कॉइल साफ करताना कोणीतरी सेन्सर काढून परत खोचला होता, पण मूळ जागी नाही. तो पात्यांमध्ये न रुतता कडेच्या प्लास्टिकला टेकून बसला होता आणि त्याचंच तापमान सांगत होता. बर्फाच्या पेल्यात त्याने बरोबर रोध दाखवला. म्हणजे सेन्सर निर्दोष, जागा चुकीची. तो मूळ खाचेत, तेवढ्याच खोलीवर बसवला. पुढच्या फेरीत जाळीत चार अंश येताच क्लचचा आवाज झाला : सुटला. थोड्या वेळाने परत : धरला. ड्रायव्हर हा आवाज ऐकत उभा होता. "हेच तर बिघाड समजून राह्यलो होतो जी आजवर," तो म्हणाला. कॉम्प्रेसर मधूनमधून सुटणं म्हणजे एसी कमकुवत, असा त्याचा समज. तसा समज कितीतरी गाडीवाल्यांचा असतो, आणि 'सलग चालणारा' एसी करून देणारे मिस्त्रीही त्यांना भेटतात.

काटा आणि कोड

दाबाचा सेन्सर हा या सगळ्यांतला सर्वांत बदनाम. जुन्या गाड्यांत तो साधा स्विच असायचा : गॅस फार कमी झाला की तोडायचा, दाब फार वाढला की तोडायचा. आता तीन वायरींचा ट्रान्सड्यूसर येतो : एकीत पाच व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरीत दाबानुसार साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत चढणारा सिग्नल. पंखा कधी जोरात फिरवायचा हेही संगणक त्यावरूनच ठरवतो.

भारतात २०१० नंतर टप्प्याटप्प्याने गाड्यांत ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवून ठेवणारी व्यवस्था, आली; स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं कपलर आता प्रत्येकाला ओळखीचं झालंय. स्वस्त स्कॅनर हातोहात मिळतो. त्यावर पी०५३२ आला की सिग्नल फार खाली, पी०५३३ आला की फार वर, पी०५३४ म्हणजे गॅस कमी झाल्याचा संशय. आणि इथेच घोटाळा होतो. कोड वाचला की लोक त्याला निकाल समजतात. कोडात फक्त एवढंच असतं की या वायरीवर मला न पटणारं काहीतरी आलं. सेन्सर बदला, असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

एका एसयूव्हीचा एसी सिग्नलवर थांबली की बंद पडायचा आणि गाडी पळू लागली की चालू व्हायचा. स्कॅनरवर दाब भरमसाट दिसत होता, कुठेतरी 'सेन्सर गेला' असं सांगून तो बदललाही होता. उस्तादांनी गेजचे लाल-निळे पाइप लावले. गाडी उभी, एसी चालू. लाल काटा अडीचशे, तीनशे, साडेतीनशे पीएसआयकडे चढत गेला. स्कॅनरही तेच सांगत होता. सेन्सर अक्षरशः खरं बोलत होता, जुनाही आणि नवाही. दोष होता कंडेन्सरच्या पंख्यात : मंद वेग चालत होता, जोराच्या वेगाचा रिले जळलेला होता. गाडी पळताना वाऱ्याने कंडेन्सर गार व्हायचा, थांबली की उष्णता जायला वाटच नसायची. थोड्या पैशांच्या रिलेपायी एका चांगल्या सेन्सरला दोषी ठरवलं गेलं होतं.

गेज हे खरंखोटं करण्याचं साधन आहे, पण त्याचीही मर्यादा उस्तादांनी समजावली आणि ती मला फार महत्त्वाची वाटली. बंद गाडीत, सकाळी, सगळं एका तापमानाला आलेलं असताना आर-१३४ए चा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ४० ला सुमारे १३३. नळीत द्रवाचा थोडा अंश जरी शिल्लक असेल तरी काटा तेवढाच दाखवणार, गॅस पूर्ण असो की निम्मा. म्हणून 'काटा बरोबर आहे म्हणजे गॅस बरोबर आहे' हे चूक. गॅस किती आहे हे काढून, वजन करूनच कळतं. लहान गाडीत तो चारशे-पाचशे ग्रॅम एवढाच असतो आणि नेमका आकडा बोनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो.

पण त्याच सकाळच्या मापाचा एक सुरेख उपयोग आहे. काटा तक्त्यापेक्षा वर असेल तर नळीत गॅसखेरीज आणखी काहीतरी आहे : व्हॅक्यूम न मारता भरल्यामुळे राहिलेली हवा, किंवा स्वस्त डब्यातून आलेली भेसळ. आणि तोच काटा स्कॅनरवरच्या दाबाच्या आकड्याशी जुळत नसेल, तर आणि तरच, सेन्सरकडे बोट दाखवायचं. त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून जावं लागतं. गिऱ्हाइकाला ते नको असतं. उस्ताद तरीही सांगतात, "ठेवून जा, सकाळी पाहू." काही जण रागावून दुसरीकडे जातात.

पेपरक्लिप

शेडच्या मागच्या भिंतीला निकामी कॉम्प्रेसर रचून ठेवलेत. एक उचलून उस्तादांनी हातात दिला. शाफ्ट फिरेना. आतून काळपट तेलात चकाकणारा धातूचा चुरा निघाला.

गॅसबरोबर या चक्रात तेलही फिरत असतं. कॉम्प्रेसरचं वंगण तेच, वेगळी टाकी नाही. गळतीने गॅस कमी झाला की तेल परत येणं मंदावतं, आणि दाबाचा स्विच तोडतो तो नेमका याच क्षणी, कॉम्प्रेसर कोरडा फिरू नये म्हणून. आता कोणीतरी त्या स्विचचं कपलर काढून पिनांमध्ये पेपरक्लिप घालतो. कॉम्प्रेसर चालू होतो, तासभर बरी हवा येते, गिऱ्हाईक खूश. काही दिवसांनी कॉम्प्रेसर जाम होतो आणि चुरा सगळीकडे पसरतो : कंडेन्सरच्या केसाएवढ्या बारीक नळ्यांत, व्हॉल्व्हच्या भोकात, ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमध्ये. एवढ्या बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, बदलावा लागतो. जिथे एक ओ-रिंग पुरली असती तिथे अर्धी व्यवस्था नवी येते.

हे काम ज्याच्याकडून होतं त्याला मी लबाड म्हणणार नाही. समोर गिऱ्हाईक घाईत असतं, शेडमध्ये जागा नसते, गळती शोधायला नायट्रोजन भरून, साबणाचं पाणी लावून, सांधा न् सांधा पाहत बसायचं तर निम्मा दिवस जातो, आणि त्या निम्म्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. आपल्याकडे पार्टचे पैसे मिळतात, शोधण्याचे मिळत नाहीत. शिक्षिकाबाईंच्या गाडीचं उस्तादांनी तपासणीचं बिल लावलं, तेव्हा शेजारी थांबलेल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी पडली : नुसतं कपलर तर लावलं! बाईंनी मात्र पैसे देताना विचारलं, दोनदा भरलेल्या गॅसचं काय झालं असेल? आधीचा बाहेर सोडूनच नवा भरला असेल, हे उत्तर ऐकून त्या गप्प झाल्या.

तो गॅस दिसत नाही, वास येत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए हवेला सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. एका लहान गाडीतला गॅस हवेत सोडला तर सहाशे-सातशे किलोचा हिशेब लागतो. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आला. भारताने २०२१ मध्ये किगाली करार मान्य केला, त्यानुसार असे वायू इथेही टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत. चुकीच्या निदानाने एकदा विनाकारण गॅस सोडणं हा म्हणूनच गिऱ्हाइकाच्या खिशापुरता प्रश्न नाही. उस्तादांच्या शेडमध्ये गॅस परत काढून घेणारं, वजन करणारं मशीन आहे. कर्ज काढून घेतलंय.

डॅशबोर्डवरचा बाप्पा

आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत काचेखाली, डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला नखाएवढी काळी टिकली असते. ती ऊन मोजते. हवेचं तापमान तेच असलं तरी काचेतून थेट अंगावर ऊन येत असेल तर माणसाला जास्त उकडतं, ही गोष्ट संगणकाला तिच्यामुळे कळते आणि तो ब्लोअर वाढवतो. आपल्याकडे नेमकं तिथेच गणपतीबाप्पा बसतात. नाहीतर डॅशबोर्ड तापू नये म्हणून लोकरी चटई अंथरली जाते. टिकली झाकली गेली की गाडीच्या लेखी कायम संध्याकाळ. उस्ताद मूर्तीला हात लावत नाहीत. मालकालाच सांगतात की बाप्पांना वीतभर डावीकडे बसवा.

या सेन्सरची एक गंमत म्हणजे काही जपानी गाड्या सावलीत तपासल्या की त्याचा कोड दाखवतात. शेडखाली अंधार आहे, प्रकाश नाही, म्हणजे वायर तुटली असावी, असा गाडीचा तर्क. नवखा मिस्त्री सेन्सर मागवतो. उस्ताद जुना पिवळा बल्ब टिकलीवर धरतात आणि कोड जातो.

केबिनमधला सेन्सर त्याहून दुर्लक्षित. स्टिअरिंगच्या आसपास चार-पाच चिरा असलेली बारीक जाळी असते, तिच्यामागे तो. त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जावी लागते, नाहीतर तो डॅशबोर्डच्या तापलेल्या प्लास्टिकचंच तापमान सांगत राहतो. चंद्रपूर-वणीकडच्या गाड्यांत कोळशाची काळी धूळ त्या चिरांत घट्ट बसलेली असते. कुठे मोबाइलचा स्टँड तिच्यावरच चिकटवलेला असतो. तपासायचं कसं? टिश्यू पेपरचा नखाएवढा कपटा जाळीला लावायचा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. पडला तर मागची नळी निसटलीय किंवा वाट बुजलीय. मी माझ्या गाडीत करून पाहिलं. कुणीही करू शकतं.

तीन विद्या, एक मिस्त्री

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा कोर्स वेगळा, रेफ्रिजरेशन-एसीचा वेगळा, आणि गाडीच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा तिसराच. गाडीच्या एसीचा सेन्सर या तिन्हींच्या मधोमध बसतो. पहिल्या कोर्समधून आलेला मुलगा इंजिन ओळखतो पण दाब-तापमानाचा तक्ता त्याला परका. दुसरा फ्रिज दुरुस्त करतो पण पाच व्होल्टची लाइन त्याने पाहिलेली नसते. उस्ताद स्वतः फ्रिजच्या दुकानातून आलेले, वायरिंग पुढे एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे शिकले. त्यांच्याकडचा सर्वांत हुशार मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा अर्धा सोडून आलेला. शेडमध्ये या विद्या एकत्र येतात त्या योगायोगाने. एवढी मोठी मोटार बाजारपेठ असलेल्या राज्यात त्या योगायोगाने एकत्र याव्यात, हे मला खटकतं. या तिन्ही कोर्सना जोडणारा सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम, हातात गेज आणि मल्टिमीटर देऊन शिकवणारा, फार मोठी मागणी नाही.

गरज वाढत चाललीय. विजेवरच्या बऱ्याच गाड्यांत हेच गॅसचं चक्र बॅटरीही गार ठेवतं. तिथे कॉम्प्रेसर नारिंगी केबलवरच्या शेकडो व्होल्टवर चालतो. त्यात नेहमीच्या गाडीचं तेल टाकलं तर इन्सुलेशन उतरतं आणि गाडी धोक्याचा इशारा देऊन उभी राहते. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम-अवजड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय. दिवसभर इंजिनाशेजारी तापत बसणाऱ्या माणसासाठी हा नियम फार आधी यायला हवा होता.

ट्रकचा विषय निघाला तेव्हा उस्ताद हिशेबच मांडू लागले. खाणीच्या रस्त्याचे हादरे, कपलरच्या पिना ढिल्या होणार. कंडेन्सरवर धुळीचा थर, दाब वाढणार, सेन्सर तोडणार. आणि ड्रायव्हर हायवेवर जिथे थांबेल तिथला माणूस पहिल्यांदा काय करेल? त्यांनी मुलाला हाक मारून पुठ्ठ्यावर खाली नवी रेघ मारायला सांगितली, ट्रकच्या सेन्सरांसाठी. "पह्यले चार-पाच चांगले ट्रक आले का त्याईचे आकडे घेऊन ठेव. बिघडलेले आल्यावर कायच्यासंगं ताडून पाहाशीन?"